चंद्राची ठेव, तिग्मेचा राग

कृतयुग अजून तरुण होते आणि दक्षाच्या सत्तावीस कन्या एकाच नवऱ्यावर रुसल्या होत्या, त्या काळची ही कथा. चंद्राने सगळी माया एकट्या रोहिणीवर उधळली, म्हणून सासऱ्याने त्याला क्षयाचा शाप दिला, हे सर्वांना ठाऊक आहे. प्रभासतीर्थी महादेवाला प्रसन्न करून तो पुन्हा वाढू लागला, हेही ठाऊक आहे. पण शाप आणि वर यांच्या मधल्या काळात, आकाश चंद्रावाचून ओस पडले असताना, त्याची उरलेली एकुलती एक कला कुठे होती, हे फारसे कोणी सांगत नाही. ते सांगायचे तर एका थोर महर्षींच्या चुकीविषयी बोलावे लागते, आणि थोरांच्या चुकांवर पांघरूण घालण्यात आपण पहिल्यापासून तरबेज आहोत.

हिमालयाच्या पायथ्याशी शीतोदा नावाच्या नदीकाठी महर्षी सिंधुश्रवा यांचा आश्रम होता. या तपोनिधीने घोर तप करून वरुणाला प्रसन्न केले होते आणि कधीही रिता न होणारा कमंडलू मिळवला होता. त्या कमंडलूच्या कृपेने आश्रमात केळी कमानीसारख्या वाकलेल्या असत, केतकीच्या वनात दिवसाही बेडूक गात, कदंबाच्या खोडावर शेवाळ चढे आणि यज्ञशाळेच्या उंबऱ्यावरसुद्धा नेचे उगवत. वठलेले लाकूड सिंधुश्रवांच्या हातून भिजले की त्याला पालवी फुटते, अशी त्यांची ख्याती तिन्ही लोकी पसरली होती. आश्रमाचा नियम एकच होता : सूर्योदयानंतर प्रत्येक रोपाला पाणी मिळेपर्यंत कोणी घास घ्यायचा नाही. नियम सुंदर होता. त्यात एवढेच राहून गेले होते, की रोपाला तहान लागली आहे का, हे कोणी पाहायचे नाही.

महर्षींची पत्नी पयस्विनी. या दोघांना उतारवयात, अनेक व्रतांनंतर, एक कन्या झाली. तिचे नाव तिग्मा. ती जन्मली तेव्हा होमकुंडातल्या ज्वाळा एकाएकी उंच उठल्या होत्या म्हणे. ते खरे असो वा नसो, तिच्याशी दोन वाक्ये बोललेल्या कोणालाही ती गोष्ट पटत असे. एवढ्या उशिरा आलेले लेकरू, म्हणून आईबापांनी तिला तळहातावरच्या फोडासारखे जपले. तिने नदी ओलांडायची नाही, काटक्या आणायला एकटीने जायचे नाही, आश्रमाच्या वरच्या बाजूला असलेल्या खडकाळ उतारावर तर पाऊलही ठेवायचे नाही. कारण तिथे ऊन लागते, सापही असतात, आणि मुख्य म्हणजे तिथे तातांचे पाणी पोहोचत नाही.

"मला ऊन लागलं तर काय होईल?" तिग्मा विचारी.

"काही होऊ नये म्हणूनच तर आम्ही आहोत, वत्से," महर्षी म्हणत.

एके दिवशी सूर्य अस्ताला जात असताना एक कृश अतिथी आश्रमाच्या दारात आला. त्याच्या गालांची हाडे वर आली होती, ओंजळ मिटलेली होती आणि बोटांच्या फटींतून मंद प्रकाश पाझरत होता. पयस्विनीने त्याला पाहताच आसन मांडले. औषधींचा अधिपती, रात्रीचा राजा चंद्र असा आपल्या दाराशी अडखळत येईल, असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

"महर्षे, माझ्या पंधरा कला गेल्या," चंद्र म्हणाला. "ही एक उरली आहे. मी प्रभासतीर्थी महादेवाची आराधना करायला निघालो आहे. पण शाप माझ्या देहात आहे. ही कला जवळ ठेवली तर वाटेतच झिजून जाईल. महादेव प्रसन्न झाले तरी पुन्हा वाढायला मला बीज लागेल. वठलेल्या लाकडाला पालवी आणणाऱ्या हातांत मी माझे बीज ठेवायला आलो आहे."

त्याने ओंजळ उघडली. आत एक इवलेसे रोप होते. त्याची पाने रुपेरी होती, आणि त्यांवर सशाच्या कानावर असते तशी मऊ, दाट लव होती.

"ज्या दिवशी महादेव वर देतील, त्या दिवशी मी सायंकाळी परत येईन," चंद्र पुढे म्हणाला. "तेव्हा याला फूल आलेले असेल, तर माझी कला जिवंत आहे. हे गेले, तर आकाशात पुन्हा चंद्र उगवणार नाही."

सिंधुश्रवांचे डोळे भरून आले. "देवा, हे रोप माझ्या पोटच्या लेकरासारखे वाढेल."

तेवढ्यात तिग्मा पुढे झाली आणि तिने अगदी साधा प्रश्न विचारला : "याला काय आवडतं?"

चंद्राने तिच्याकडे पाहिले आणि उत्तर देण्यासाठी ओठ उघडले. पण महर्षींनी हात वर केला. "तिग्मे! देवांना प्रश्न विचारू नयेत. थकलेल्या अतिथीला तर मुळीच नाही. रोपे वाढवण्यात माझे आयुष्य गेले आहे."

यजमानाचा मान राखावा म्हणून चंद्र गप्प बसला. त्याने नमस्कार केला आणि तो अंधारात निघून गेला. उत्तर त्याच्या ओठांवरच राहिले.

दुसऱ्या दिवशी महर्षींनी आश्रमातली सर्वांत काळी, सर्वांत कसदार माती निवडली. कदंबाच्या सावलीत खड्डा खणून, त्यात शेण आणि कुजलेली पाने भरून, त्यांनी ते रोप लावले आणि कमंडलूची धार धरली. सकाळी धार, दुपारी धार, सायंकाळी मंत्र म्हणून आणखी एक धार. काही दिवस रोप टिकून राहिले. मग पाने खाली लोंबू लागली.

"तहानलेय बिचारे," महर्षी म्हणाले आणि त्यांनी धार वाढवली.

पाने आणखी लोंबली. त्यांचा रुपेरी रंग जाऊन ती राखेसारखी झाली. लव भिजून पानाला चिकटली. पयस्विनीने काळजीने दूध आणून मुळाशी ओतले. महर्षी उपवास करून रात्रंदिवस रोपापाशी बसले, आणि कमंडलू त्यांनी हातातून खाली ठेवला नाही. त्यांच्या मायेत तिळमात्र खोट नव्हती. सगळी अडचण त्या मायेचीच होती.

तिग्मा मात्र रोपासमोर पालथी पडून पाहत असे. तिच्या लक्षात एक गोष्ट आली. रोपाची एक फांदी आळ्याबाहेर पडून बाजूच्या दगडावर टेकली होती. तिच्यापर्यंत धार पोहोचत नव्हती, आणि कदंबाच्या पानांतून येणारा उन्हाचा एक कवडसा नेमका तिच्यावर पडत होता. साऱ्या रोपात तेवढीच फांदी चांदीसारखी लखलखत होती. तिने मुळाशी बोट घातले. खोड जिथे मातीला मिळते, तिथे ते काळे आणि बुळबुळीत झाले होते.

"तात, हे तहानेने मरत नाही. हे बुडतंय."

महर्षी हसले. "वत्से, पाण्याने कधी झाड मेले आहे का?"

"हे मरतंय. बघा ना! दगडावरचं पान बघा आणि हे बघा. याला कोरडी जागा हवी, ऊन हवं. वरच्या उतारावर नेऊ या."

"त्या उतारावर? जिथे गवत उगवत नाही, तिथे चंद्राची ठेव नेऊन टाकायची? तुझे वय काय, तू बोलतेस काय!"

"वय माझं आहे, पान तर तुमच्यासमोर आहे! तातांनी एकदा खाली वाकून पाहिलं, तर तातांचं तप कमी होईल का?"

"तिग्मे!" पयस्विनी ओरडली. "वडिलांशी असं बोलतात?"

"मग कसं बोलू, आई? हळू बोलले तर कुणी ऐकत नाही, आणि मोठ्याने बोलले तर मोठ्याने बोलले एवढंच ऐकू जातं."

महर्षी रोपाकडे वळले. त्यांनी कमंडलू कलता केला.

पहाटे महर्षी स्नानाला गेले, तेव्हा तिग्मेने दोन्ही हातांनी रोप उपटले. मुळांना चिकटलेला चिखल झाडला, सडलेला भाग टोकदार दगडाने कापून टाकला. "आई, मी वर चाललेय," एवढे पाकगृहाच्या दारातून सांगून ती उतार चढू लागली. पयस्विनी हातातली पळी टाकून महर्षींना गाठायला धावली. पण महर्षी दुसऱ्या वाटेने परतले होते. त्यांना रिकामे आळे दिसले.

ऋषींचा क्रम ठरलेला असतो. शाप आधी, चौकशी नंतर. सिंधुश्रवांचे नेत्र आरक्त झाले, जटा मोकळ्या सुटल्या. त्यांनी उजव्या हातात जल घेतले आणि दिशा थरारतील अशा स्वरात ते गरजले : "ज्याने देवाची ठेव चोरली, त्याच्यापाशी जल थांबणार नाही! नदी त्याला पाहून मागे वळेल, मेघ त्याला वळसा घालून जातील, पात्रातले पाणी आणि फळातला रस त्याच्या ओठांना लागण्याआधी आटेल!"

"अहो, थांबा!" पयस्विनी धापा टाकत आली. "ती आपली तिग्मा आहे!"

पण जल भूमीवर पडले होते.

महर्षी उतारावर धावत गेले. आयुष्यात प्रथमच त्यांच्या पायांना कोरडा खडक लागला. वर एका कपारीत, दगडांच्या चुऱ्यात, तिग्मेने रोप लावले होते आणि त्याच्याशेजारी ती बसली होती. महर्षींनी कमंडलू तिच्या ओठांपाशी नेला. पाणी कडेपर्यंत आले, थबकले, आणि भ्यालेल्या प्राण्यासारखे मागे सरकले. महर्षींनी पुन्हा कलता केला. कधीही रिता न होणारे ते पात्र आतून कोरडे ठणठणीत पडले. ते दूर नेताच पुन्हा भरले.

"हे तुम्ही केलंत होय!" तिग्मा म्हणाली. "मघाशी एक आवळा तोंडात घातला, तर नुसता भुसा लागला."

सिंधुश्रवांनी कमंडलू छातीशी धरला. "मला कळले नाही, तिग्मे. मला वाटले, कोणी राक्षस..."

"विचारायचं होतंत."

पयस्विनीही मागून चढून आली होती. एरवी ती पतीच्या पुढे शब्द काढत नसे. त्या दिवशी मात्र तिला राहवले नाही. "तप करून तुम्ही समुद्र मिळवलात," ती म्हणाली, "आणि लेकीच्या वाट्याला घोटभर पाणी ठेवायचं सुचलं नाही."

"मी आत्ता उःशाप देतो," महर्षी म्हणाले. "माझे सारे पुण्य खर्ची पडले तरी चालेल. शाप हटताच हिच्यापासून रोखलेले सर्व जल एका क्षणात हिच्याकडे धावत येईल."

तिग्मा ताडकन उठली. "सर्व जल? इथे? म्हणजे हे रोप वाहूनच जाईल! तात, आषाढ तोंडावर आला आहे. मी इथे बसले आहे तोवर मेघ इथे येणार नाहीत. तुम्ही तर याच्यावर छत्र धरलंत, नकळत का होईना. आता ते काढू नका."

"आणि तू?"

"फूल येईपर्यंत तग धरीन."

"नाही धरता आला तर?"

तिग्मेने रोपाकडे पाहिले. शेंड्यावर एक नवे पान उलगडत होते, आणि ते रुपेरी होते.

महर्षींनी हात उचलला. उःशापाचे शब्द त्यांच्या जिभेवर आले होते. समोर तहानेने सुकणारी लेक, हातात अखंड पाण्याचे पात्र आणि ओठांवर तिची सुटका करणारा मंत्र, अशा अवस्थेत ते किती वेळ उभे होते कोणास ठाऊक. त्यांनी वरुणाला जिंकले होते, पण ओतण्याची सवय जिंकायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. शेवटी त्यांनी हात खाली घेतला. कमंडलू उतारावरून खूप खाली नेऊन ठेवला, आणि रित्या हातांनी ते परत वर आले.

"मी काय करू, ते सांग," सिंधुश्रवा आपल्या लेकीला म्हणाले.

"ऊन माझ्या डोक्यावर आहे. सावली करा," तिग्मा म्हणाली. "माझ्यावर. त्याच्यावर नको."

तेव्हापासून आषाढाचे मेघ उताराला वळसा घालून जात राहिले आणि खाली आश्रमात बेडूक गात राहिले. वर मात्र ज्यांच्या दर्शनासाठी राजे ताटकळत, ते महर्षी आपले उत्तरीय दोन्ही हातांनी ताणून उभे असत. सूर्य सरके तसे तेही सरकत. मुलीच्या मस्तकावर सावली पडावी आणि रोपाच्या एकाही पानावर पडू नये, म्हणून ते डोळ्यांत तेल घालून जपत. "थोडं डावीकडे," तिग्मा म्हणे. "तात, तुमची जटा त्याच्यावर सावली पाडतेय." आणि ते ब्रह्मर्षी मुकाट्याने जटा मागे सारत.

पण सावलीने तहान भागत नाही. तिग्मा जगली कशी, हे पहिल्याच पहाटे महर्षींना दिसले. रात्रभरात रोपाच्या लवेवर दव जमले होते. तिग्मा ओणवी होऊन एकेका पानावरचा थेंब जिभेने टिपत होती. तिचे ओठ ओले होत होते आणि पाने कोरडी होत होती. शापात नदी होती, मेघ होता, पात्र होते, फळ होते. दव नव्हते. ज्या आश्रमात सगळे सदैव ओलेच असे, तिथे दवाकडे कधी कोणाचे लक्षच गेले नव्हते.

त्या संध्याकाळी महर्षींनी उत्तरीय खडकावर पसरून ठेवले. पहाटे ते दवाने भिजले होते. त्यांनी त्याचे टोक लेकीच्या ओठांना लावले आणि तिने ते चोखले. दुसऱ्या दिवशी पयस्विनीने आपली शालही पसरली. आश्रमात पाट वाहत होते आणि ते दोघे वृद्ध जीव थेंब गोळा करत होते.

तिग्मा वाळत गेली, पण तिचा राग मात्र वाळला नाही. ती रोपाशी भांडत असे. "इतका थाट कशाला? सगळं आकाश खोळंबलंय! आज फुलतोस, का उपटू?" पयस्विनी हसे. "लहानपणी तुला दूध पाजताना मी अश्शीच ओरडत असे."

"मग मी प्यायचे?"

"कधीच नाही. ओरडायची थांबले की प्यायचीस."

दिवसागणिक रोपाला रुपेरी देठ फुटले, देठांवर कळ्या धरल्या. आणि एका सायंकाळी, तिग्मा आईच्या मांडीवर डोके ठेवून पडली असताना, पहिली कळी उघडली. फूल पाच पाकळ्यांचे होते. ते पांढरे असेल, असे सर्वांनी गृहीत धरले होते. ते लालभडक होते. होमातल्या निखाऱ्यासारखे, भांडताना तापलेल्या तिग्मेच्या गालांसारखे.

पश्चिमेकडून चंद्र चालत आला. त्याचा चेहरा निवळला होता, पाऊल ठाम पडत होते. त्याने रोप पाहिले, तिग्मेचे फुटलेले ओठ पाहिले, महर्षींचे उन्हाने करपलेले खांदे पाहिले, आणि त्याला सगळे समजले.

"देवा," सिंधुश्रवा हात जोडून म्हणाले, "मी तुझी ठेव बुडवत होतो. हिने राखली. पण फूल असे लाल का? माझ्या हातून काही बिघडले का?"

"बिघडले नाही, महर्षे. माझ्यापाशी चांदी होती, ती पानांत आली. लाल रंग मी कुठून आणणार? तो हिचा राग आहे."

चंद्राने फुलाला हात लावला. प्रकाशाची एक तार फुलातून निघून त्याच्या भाळी गेली, आणि कित्येक रात्रींनंतर पश्चिमेच्या कडेला नखाएवढी कोर उमटली. फुलाच्या पाकळ्या गळाल्या, बोंड सुकले आणि खसखशीहून बारीक काळे बी दगडांच्या फटींत सांडले. पाने रुपेरीच राहिली. तेवढी चांदी चंद्राने आठवण म्हणून मागे ठेवली.

"तू मला एक प्रश्न विचारला होतास," तो तिग्मेला म्हणाला, "आणि मी उत्तर न देताच गेलो. तो दोष माझाही आहे. वर माग."

तिग्मा कोपरावर रेलून बसली. "याला आपली जागा आपण निवडू दे. कुणी कितीही मायेने खड्डा खणला, तरी तिथेच राहण्याची सक्ती याच्यावर नको." मग तिने आईबापांकडे पाहिले. आईची शाल अजून खडकावर पसरलेली होती. आणि ती म्हणाली, "पण ज्या घराने याला एकदा आपलं म्हटलं, ते अंगण याने सोडू नये."

"तथास्तु," चंद्र म्हणाला. "हे एका जागी फार वर्षे राहणार नाही, पण त्याच अंगणात आपल्या मनाच्या कोपऱ्यात पुन्हा पुन्हा उगवेल. जो याला मायेने बुडवील, त्याच्या हातून हे जाईल. जो जवळ बसून वाट पाहील, त्याच्यासाठी फुलेल. आणि याला तुम्हा दोघांचे नाव मिळावे, असे मला वाटते. याला चंद्रतिग्मा म्हणा."

तेव्हा महर्षींनी उःशाप उच्चारला. अडवून धरलेला सारा आषाढ त्या उतारावर कोसळला. तिग्मा तोंड उघडून, डोळे मिटून उभी राहिली आणि प्यायली, प्यायली, प्यायली. ते पहिले रोप त्या पुरात वाहून गेले. त्या क्षणी कोणी त्याच्याकडे पाहिलेही नाही.

वसंतात बी उगवले. खडकाच्या कपारीत उगवले, गोठ्याच्या भिंतीशी उगवले, पायवाटेच्या ऐन मधोमध उगवले. महर्षींनी कदंबाखाली खणलेल्या खड्ड्यात तेवढे उगवले नाही. तिग्मेनेही वरच्या उतारावर आपली पर्णकुटी बांधली. कोणी विचारले, की पयस्विनी सांगे, "दूर नाही गेली. हाक मारली की ऐकू जातं."

"आणि हाक मारली की येते?"

"तिच्या मनात असलं की."

त्या काळापासून आजपर्यंत चंद्रतिग्मेच्या पानांत चांदी आहे, फुलात राग आहे आणि अंगणात तिची जागा तीच ठरवते. सिंधुश्रवांनी आश्रमाचा नियम मोडला नाही. रोज सूर्योदयानंतर प्रत्येक झाडाला धार घालून झाली, की ते कमंडलू खाली ठेवत, रित्या हातांनी उतार चढून पर्णकुटीच्या दाराशी येत, तिथल्या रुपेरी रोपापुढे वाकत आणि एकच प्रश्न विचारत : "काही हवे आहे का?"

आतून उत्तर येई, "काही नको, तात. बसा."

आणि ते बसत.